का मौन की कामून

सोमवार, ३ नोव्हेंबर

पुण्याच्या गाण्यांच्या कंपनीकडून ईमेल. 'शुद्धलेखनतज्ज्ञ' असा उल्लेख, चक्क माझा. दोनदा वाचला.

माझ्या लेकीच्या, वैशालीच्या बँडचा नवा अल्बम येतोय (अल्बम पुल्लिंगी धरतो). बँडचं नाव 'उखळ'. वैशाली गाते, तो इरफान गिटार वाजवतो आणि बसवराज नावाचा मुलगा ड्रम बडवतो. तिघं कलबुर्गीला. दिवसा ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते. अल्बमसोबत छोटी पुस्तिका छापायची आहे, गाण्यांच्या शब्दांची. पण शब्द कागदावर नाहीतच. आमची पोरगी लिहीत नाही, तोंडानेच रचते आणि तोंडानेच लक्षात ठेवते. कंपनीतल्या मृण्मयीने फार मागे लागून विचारलं, तर म्हणे, "आमच्या अप्पांना पाठवा. ऐकून लिहितील. एकतीस वर्षं मराठी शिकवलंय."

अप्पा म्हणजे मी. 'जेवलाव का, गोळी घेतलाव का' याच्या पुढे माझ्याशी न बोलणारी पोरगी. तिने माझं नाव पुढे केलं, हे काय म्हणावं? आणि कामून

(वरचा शब्द खोडायचा होता. राहू दे, रोजनिशी कोण तपासतंय.)

सात गाणी. मुदत २४ तारखेपर्यंत. होकार कळवला.


मंगळवार, ४ नोव्हें.

आळंदला जाऊन कानात घालायचं यंत्र आणलं. दुकानदाराने विचारलं, भजन का बातम्या? म्हटलं डेथ मेटल. तो म्हणाला, व्हय व्हय, त्यालाबी चालतंय.

दुपारी ऐकायला बसलो. काय सांगू. आधी वाटलं फोन बिघडला. गिटार म्हणजे लोखंडी पत्रा फरफटत नेतायत. ड्रम इतका जोरात की मोजता येत नाही. आणि त्याखालून एक आवाज, खोल, घोगरा, कुणीतरी विहिरीतून बोलतंय तसा. तो आवाज माझ्या पोरीचा. हीच पोरगी बालवाडीत 'हजर' म्हणायचीसुद्धा नाही, फक्त हात वर करायची.

टिपणवही उघडून बसलो होतो. अर्ध्या तासात एवढंच लिहिलं: 'गाणे १, घर्र. गाणे २, घर्र, पण लांब. गाणे ३, मध्ये खोकला? की शब्द?'

'डेथ मेटल'ला मराठी काय करावं? मृत्युधातू? एखाद्या रसायनासारखं वाटतं. मरणलोखंड बरं.

वैशालीला मेसेज केला: घसा जपणे. हळद-दूध घेणे. उत्तर म्हणून नुसता अंगठा आला.


गुरुवार, ६ नोव्हें.

सापडलं!

चौथं गाणं. तीन दिवस ऐकून ऐकून कान बधिर झाले आणि आज अचानक एक शब्द स्वच्छ ऐकू आला. एकवीस वेळा येतो. 'का मौन.' का मौन, का मौन, का मौन! एवढ्या गदारोळात पोरगी विचारते आहे, मौन का. अंगावर काटाच आला. म्हणजे एकतीस वर्षं अगदीच वाया गेली नाहीत.

लगेच मृण्मयीला फोन. ती ओरडलीच. "सर, अल्बमचं नाव तेच आहे! वैशालीने इंग्रजी अक्षरांत के ए एम यू एन एवढंच पाठवलंय. आम्हाला वाटलं, तुमच्याकडच्या एखाद्या राक्षसाचं नाव असेल. आमच्या चित्रकाराने मुखपृष्ठावर राक्षस काढलाय पण. शिंगं वगैरे."

मी फोड करून सांगितली. का अधिक मौन.

"वॉव सर. खूपच खोल आहे हे. थांबा, मग राक्षसाचं तोंड शिवून टाकायला सांगते. दोऱ्याने."

उत्तम कल्पना, म्हणालो. संध्याकाळी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.


शनिवार, ८ नोव्हें.

'का मौन'च्या पुढे गाडी हलेना. बाकी सहा गाणी जिथल्या तिथे.

बायकोने, शकूने, आज विचारलं, "काय ऐकायलाव चार दिस झालं? रेडिओ बंद पडल्यासारखं त्वांड करून." सांगितलं. लेकीची गाणी आहेत म्हटल्यावर पदराला हात पुसले आणि एका कानात यंत्र घातलं. मिनिटभर ऐकलं.

"ह्यात न्हाई कळत. गिरणीत आना."

आमची पिठाची गिरणी घराच्या पुढच्याच खोलीत आहे. मी शाळेत आणि शकू गिरणीत, असाच संसार झाला. मी म्हटलं, अगं इथे शांततेत कळेना, तिथे काय कळणार? तिने ऐकलं नाही. वैशालीने दिवाळीला दिलेला छोटा स्पीकर फळीवर ठेवला, मोटर सुरू केली, कुणाचीतरी ज्वारी वरून ओतली. पट्टा फिरायला लागला, घरघर सुरू झाली. मग मला बोटाने खूण केली, लाव.

लावलं. मला तर गाणं आणि गिरणी यातलं काहीच वेगळं ऐकू येईना.

शकू पिठात हात घालून जाडं-बारीक बघत उभी होती, आणि त्या हिशेबातच सहज बोलल्यासारखी म्हणाली, "दळ म्हनायलीय. दळ, दळ. दगडावर दगड, मधी मी."

"तुला कसं ऐकू आलं?"

"आता हितं उभारून कुनी दोन किलो मनलं का पाच, ते कसं ऐकू येतंय मला? वर वरडलं की गिरनी खाती. खालून, प्वाटातून बोललं की कळतंय. वैशू ल्हानपनापासून आसंच बोलायची की माझ्यासंगं. तुमच्याम्होरंच बोलत नव्हती."

हे मला नवीन. माझ्या घरात, पंधरा पावलांवर, पोरगी रोज बोलत होती. वर्षानुवर्षं. म्हणजे हा जो आवाज पुण्याची कंपनी विकणार आहे, तो इथे तयार झाला. मी तेव्हा शेजारच्या खोलीत वह्या तपासत असायचो आणि दार लावून घ्यायचो, आवाजाचा त्रास नको म्हणून.


रविवार, ९ नोव्हें.

सकाळी वीज असेपर्यंत काम. शकू ऐकते आणि सांगते, मी लिहितो. पहिलं आणि दुसरं गाणं झालं. प्रत्येक ओळीला भांडण.

मी लिहिलं, 'रात्र कोसळते आहे.'

"कोसळायलीय म्हनायलीय ती."

"अर्थ तोच आहे."

"तोच हाय तर मग तिचंच लिवा की. तुमचं कामून?"

शेवटी वहीच्या पानावर उभी रेघ मारली. डावीकडे 'उच्चारलेले', उजवीकडे 'शुद्ध'. डावीकडचं पेन्सिलीने, उजवीकडचं पेनाने. शकूने बघितलं आणि म्हणाली, "तुमी घरातबी फळा लावलाव." पण हसत होती. मजा येतेय, खोटं कशाला लिहू. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं असं काम आठवत नाही.

ज्वारी आणलेल्या बाईने दारातूनच विचारलं, "गुर्जी, मशीन बिघडली का? वेगळाच आवाज यायलाय."


मंगळवार, ११ नोव्हें.

आज चौथं. मी आधीच सांगून ठेवलं, यातला मुख्य शब्द मला सापडलेला आहे. का मौन.

शकूने ऐकलं. मोटर बंद न करता माझ्याकडे वळली.

"कामून म्हनायलीय."

"का मौन."

"कामून! कुठलं मौन? एकादशीचं मौन का काय?" पोट धरून हसायला लागली. भुवयांवरचं पीठ गळायला लागलं. मी औकार आणि दीर्घ ऊकार यांतला उच्चारभेद समजावून सांगितला. ती म्हणाली, "अवो गुर्जी, माझ्या त्वांडातला शब्द मलाच कळंना का?"

परत लावलं. परत. चौथ्यांदा मलाही ऐकू आलं आणि एकदा ऐकू आल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. कामून. कामून. कामून.

पुण्याला कळवलं नाही. तिकडे राक्षसाचं तोंड शिवून झालं असेल.


गुरुवार, १३ नोव्हें.

मला कामून ऐकू का आलं नाही, याचा विचार करतोय.

जन्म मादन हिप्परग्यात. बायको जनवाड्याची, बीदरजवळची. दिवसातून शंभर वेळा हा शब्द कानावर पडतो. आणि मुलांच्या वहीत दिसला की तांबडी रेघ. 'कामून' खोडून वर 'का'. हे हाताने इतक्या वेळा केलंय की कानानेही तेच करायला घेतलं असावं. पोरगी कामून म्हणाली आणि माझ्या कानाने तिथल्या तिथे शुद्ध करून घेतलं.

दुसरी गंमत आज सुचली. खाटेवर बसून पुटपुटत होतो. का म्हणून. का मनून. का-म-नून. कामून! भराभर म्हणून बघावं. दहा वेळांत 'का म्हणून'चं 'कामून' आपोआप होतं. म्हणजे अशुद्ध कुठलं, दोन शब्दांची घडी घातलेली आहे. एकतीस वर्षं तो शब्द खोडला आणि एकदाही उचलून बघितला नाही की हा आला कुठून. मला व्युत्पत्तीचा नाद आहे म्हणे. बोरूपासून बेसनापर्यंत सगळ्यांच्या व्युत्पत्त्या काढून झाल्या. ही राहिली.

शकूला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "मंग? आता चालतंय का आमचा शब्द?"


शनिवार, १५ नोव्हें.

बाकी सहा गाणी उरकली, चौथ्याचे उरलेले शब्द आज लिहिले. इथेही लिहून ठेवतो. ('वळ' म्हणजे ओळ.)

पाचवीचा वर्ग, पाचवी वळ
माझी आई दळायलीय
त्येनं वाचलं, समदे हासले
माझी आई दळायलीय
तांबडी शाई, कामून
तोंडात पीठ, कामून

शकू एकेक ओळ सांगत होती. तिच्या दृष्टीने नुसते शब्द. तिसऱ्या ओळीला माझा हात थांबला.

"लिवा की. समदे हासले."

लिहिलं.

"कोन हासलं?"

"गाण्यातलं आहे ते. गाण्यात असतं असं."

तेवढ्यात वीज गेली. पट्टा फिरत फिरत थांबला. स्पीकर बॅटरीवर, तो चालूच. रिकाम्या गिरणीत नुसतं गाणं. कामून, कामून. मी बंद करायला उठलो तर शकूने हाताने थांबवलं. गाणं संपेपर्यंत दोघं उभे.

मग म्हणाली, "पाचवीला तुमच्याच वर्गात व्हती न्हवं वैशू?"

व्हय, म्हणालो.

सांगितलं. दुसरा इलाज नव्हता. निबंध 'माझी आई'. वैशालीने लिहिला होता, "माझी आई गिरणी चालवायलीय. तिच्या भुवया पांढऱ्या हायत पन ती म्हातारी न्हाई." बाकी चाळीस मुलांची आई 'वात्सल्यसिंधू' होती, गाईडमधली. मी वैशालीचा निबंध वर्गात मोठ्याने वाचला. कसा लिहू नये याचा नमुना म्हणून. चालवायलीय, हायत, न्हाई, तिन्हीवर आवाज चढवून. वर्ग हसला. दहापैकी चार मार्क दिले. आपल्या मुलीला झुकतं माप नको, याचाही अभिमान होता मनात.

एकतीस वर्षांत हजारो निबंध तपासले. त्यातलं एक वाक्य आज पाठ आहे, ते हेच. भुवयांचं.

शकूने बोटाने भुवई पुसली. पीठ होतंच. झाडणी घेतली आणि पट्ट्याखालचं झाडायला लागली. पाठमोरीच म्हणाली,

"कामून वाचलाव?"

मला लाज वाटतेय हे इथे तरी लिहितो.


रविवार, १६ नोव्हें.

जेवायला वेळेवर वाढलं. बोलली नाही. तिला राग आलाय का, हेही विचारायचं धाडस नाही.

मृण्मयीला फोन करून चूक कबूल केली. का मौन नव्हे, कामून.

"म्हणजे राक्षसच ना सर?"

"राक्षस नाही. प्रश्न आहे. आमच्याकडे 'का'ला कामून म्हणतात."

"अच्छा, बोलीतलं. मग पुस्तिकेत काय छापू? शुद्ध 'का' करून देताय का? कारण सर, लोकांना कळायला हवं. तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हणेन तसं. इतकी वर्षं मी म्हणेन तसंच होत होतं.

"कामून," म्हणालो. "जोडून. मू दीर्घ. बाकीची गाणीही ती म्हणते तशीच छापा. आणि त्या राक्षसाचं तोंड उसवा."


मंगळवार, १८ नोव्हें.

वैशाली आली. इरफानच्या गाडीवर, सकाळी. गिरणीचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा होता, पहिल्या गाण्याच्या आधी टाकायला. इरफान पट्ट्याजवळ माइक धरून बसला. खूश होता. "अप्पा, ये मशीन हमारे बसू से अच्छा बजाती," म्हणाला. बसू म्हणजे त्यांचा ड्रमवाला.

वैशालीने माझी टिपणवही मागितली. उभ्यानेच चाळली. रेघ, डावीकडे पेन्सिल, उजवीकडे पेन. चौथ्या गाण्याच्या पानावर उजवी बाजू कोरी आहे, ती बोटाने चाचपली. मी चष्मा पुसत होतो.

"आईनं सांगितलं समदं," म्हणाली.

मी काहीतरी म्हणणार होतो. तिने थांबवलं.

"चौथ्यात माझे शब्द संपल्यावर दोन मिनिटं नुसती वाजवनी हाय. तितं मी गप हाय. पुस्तिकेत तेवढी जागा कोरी सोडा मनलेय पुन्याला. तितं तुमी लिवा."

"मी? काय लिहू?"

"प्रश्न इचारलाय न्हवं एकवीस डाव."

"आणि ते छापणार?"

"छापायचं का न्हाई ते मी आधी वाचते, मंग सांगते. तुमी माझं वाचलाव. आता मी तुमचं."

रागाने नाही म्हणाली. लॅबमध्ये रिपोर्ट हातात देताना बोलत असेल तसं. आईने केलेली तुरीची उसळ दोघांनी खाल्ली आणि गेले. जाताना गाडीवरून मागे वळून बघितलं तिने. मला की गिरणीला, कळलं नाही.


गुरुवार, २० नोव्हें.

लिहायला बसलो.

पहिला मसुदा: 'तत्कालीन शैक्षणिक धोरणात प्रमाणभाषेचा आग्रह धरणे शिक्षकास क्रमप्राप्त होते.' परिपत्रक वाटतं. खोडलं.

दुसरा: 'कर्नाटकात राहून मराठी टिकवायची तर ती नीट लिहिता आली पाहिजे, अन्यथा आपली मुले ना कन्नडची ना मराठीची, अशी चिंता मला होती.' हे खरं आहे. पण तिने हे विचारलेलं नाही.

तिसरा अर्ध्यात सोडला.

शकू मागून येऊन वाचत होती, समजलंच नाही. आठवडाभरातलं तिचं पहिलं लांब वाक्य: "ह्ये कुनाला लिवायलाव? लेकीला का इन्स्पेक्टर सायबाला?"

खोडायला तांबडं पेन घेतलं होतं. सवयीने. ठेवून दिलं.


शुक्रवार, २१ नोव्हें.

चौथा मसुदा लिहिता लिहिता एक गोष्ट आठवली. आठवली असं नाही, माहीत होतीच. तिच्याकडे जायचंच नाही असं ठरवलेलं होतं.

सोलापूर, डी.एड. कॉलेज. पहिला आठवडा. सरांनी काहीतरी करायला सांगितलं आणि मी बाकावरून विचारलं, "कामून?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं. अख्खा वर्ग हसला. सरही. त्या दिवसापासून माझं नाव पडलं. दोन वर्षं. "ए कामून, वही दे." मेसमध्ये ताटावर चमचे वाजवायचे, कामून आला, कामून आला. गावाकडे कुणाला सांगितलं नाही. शकूलाही नाही. त्या दोन वर्षांत मी मराठी अशी घोटली की परत कुणी हसायची सोय ठेवली नाही.

आणि गावी येऊन मास्तर झालो. माझ्या पोरांना बाहेर कुणी हसू नये म्हणून

म्हणून मीच आधी हसवलं. घरातल्या घरात.

पुण्याच्या मंडळींना वाटलं, कामून हे राक्षसाचं नाव आहे. फार चुकले नाहीत.


रविवार, २३ नोव्हें.

शकूला सांगायचं होतं. शांत खोलीत तोंड उघडेना. ती गिरणीत गेली, मागे गेलो. गहू चालू होता. बोलायला लागलो तर माझा मास्तरकीचा आवाज पुरा वाहून गेला.

"काय म्हनायलाव?"

परत बोललो, जोरात. मान हलवली तिने. छातीवर हात ठेवून दाखवलं. "खालून. वरडू नका. खालून बोला."

मग एकदाचं निघालं. माझा तो आवाज मीही कधी ऐकला नव्हता. "सोलापूरला मला कामून म्हणायचे. चिडवायचे. दोन वर्षं."

ऐकू आलं तिला. गव्हाचा डबा तसाच हातात. मग म्हणाली, "आनी मला पस्तीस वर्सं का बरं न्हाई सांगितलाव?"

'का बरं' म्हणाली. कामून टाळलं तिने. मला लागू नये म्हणून. मी तिथेच पिठाच्या पोत्यावर बसलो आणि डोळे पुसले. पीठ गेलं म्हणून नाही.

"आसंच लिवा," म्हणाली. "सुद करू नका."

दुपारी पुण्याहून नवं मुखपृष्ठ आलं. राक्षसाचं तोंड उसवलंय, आ वासलेला आहे. वैशालीने एक बदल करून घेतलाय. भुवया पांढऱ्या. शकूने फोन जवळ धरून निरखून बघितला. "ह्ये मीच की," म्हणाली. "शिंगं सोडली तर."


सोमवार, २४ नोव्हें.

मुदत आज संपते. सकाळी बसून एका दमात लिहिलं. आठ ओळी. खोडाखोड नाही. सोलापूर, चमचे, मेस. मग ती पाचवीतली वही. शेवटी भुवयांचं वाक्य, तिने लिहिलं होतं तसंच, हायत आणि न्हाई सकट. बोलतो तसं लिहायचा प्रयत्न केला. हात अडखळत होता, मात्रा कुठे द्यायची तेच कळेना, शिकाऊ पोरासारखं.

पानाचा फोटो काढून वैशालीला पाठवला. तिच्या जेवणाच्या सुटीच्या वेळेला.

मृण्मयीचा फोन: सर, कोऱ्या जागेचं झालं का? म्हटलं, लेकीकडे तपासायला दिलंय. ती म्हणाली, तीन दिवस थांबू शकतो, पुढे नाही.

चारला वैशालीचं उत्तर. माझ्याच पानाचा फोटो परत. फोनमध्येच तांबडी रेघ ओढता येते, हे मला माहीत नव्हतं. दोन ठिकाणी. मी लिहिलं होतं, 'मला लाज वाटत होती.' ते खोडून वर: 'वाटायलती'. आणि 'म्हणून मी तुला हसवले' याच्याखाली जाड रेघ, बाजूला लिहिलंय: 'मला न्हाई. माझ्यावर. आनी आईवर. ह्ये नीट लिवा.'

खाली कोपऱ्यात गोल करून मार्क. दहापैकी चार.

त्याखाली: 'परत लिवा. वाचायला मी हाय.'

शकू डबे मांडत होती. विचारलं तिने, "काय मनली? छापायलीय का?"

"ते नाही सांगितलं. मार्क दिलेत."

"किती?"

"चार."

"आनी तुमी तिला किती दिल्ते?"

"चार."

शकूने आत जाऊन दिवा लावला, माझा चष्मा आणून दिला आणि टिपणवहीचं कोरं पान काढून पुढ्यात ठेवलं. उभी रेघ मारलेली नव्हती. पेन्सिलीला टोक करून बसलो आहे.